व्हेनेसा म्हणजे फुलपाखरू? युरोपीय व्यक्तिनामांच्या एका ऑनलाइन कोशाचे परीक्षण

युरोपीय भाषांतील कथा-कादंबऱ्यांचे भाषांतर करताना व्यक्तिनामांपाशी हमखास अडखळायला होते. नावाचा उच्चार नेमका कसा, त्या समाजाच्या कानाला ते जुनाट वाटते की नवे, धर्मग्रंथातून आले आहे की एखाद्या कवीच्या कल्पनेतून, आणि लेखकाने ते त्या पात्राला हेतुपूर्वक दिले आहे का, हे प्रश्न सुटल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. या गरजेपोटी युरोपीय व्यक्तिनामांच्या एका ऑनलाइन कोशाची वार्षिक वर्गणी भरली आणि वर्षभर तो जवळजवळ रोज वापरला. कोशाचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. त्यात आढळलेले बहुतेक दोष त्या एकट्याचे नाहीत, नावांचे अर्थ सांगणाऱ्या अनेक सेवांमध्ये ते कमीअधिक प्रमाणात दिसतात, आणि ज्या वाचकाला अशी सेवा निवडायची आहे त्याला तिच्या नावापेक्षा ती पारखण्याची रीत अधिक उपयोगी पडेल.

कोशाची मांडणी साधी आहे. नाव टंकले की वर ठळक, मोठ्या अक्षरांत त्याचा 'अर्थ' येतो, बहुधा एकाच शब्दात. त्याखाली मूळ भाषा, उच्चाराची ध्वनिफीत, इतर भाषांतील भावंडरूपे आणि लोकप्रियतेचा आलेख असतो. सर्वांत तळाशी, बारीक टंकात, नावाचा इतिहास दिलेला असतो. या सेवेबद्दलची माझी मुख्य तक्रार याच मांडणीत सामावलेली आहे. जे मोठ्या अक्षरांत आहे ते अनेकदा दिशाभूल करणारे असते, आणि जे खरोखर मोलाचे आहे ते तळाशी ढकललेले असते.

जॉन किंवा मेरी यांची नोंद कोणताही कोश बरी करतो. कस लागतो तो अनवट नावांपाशी, आणि त्यातही ज्यांना मुळात शब्दार्थच नाही अशा नावांपाशी. म्हणून पहिली चाचणी 'व्हेनेसा' या नावाची घेतली. हे नाव जोनाथन स्विफ्ट या लेखकाने घडवले. एस्थर व्हॅनहोमरी या आपल्या स्नेही स्त्रीच्या आडनावातील 'व्हॅन' आणि 'एस्थर'चे लाडके रूप 'एसा' यांची त्याने जोडणी केली, आणि ज्या कवितेत ते वापरले ती 1726 साली, एस्थरच्या मृत्यूनंतर, छापली गेली. पुढे 1807 मध्ये फाब्रिसियस या कीटकशास्त्रज्ञाने फुलपाखरांच्या एका प्रजातिगटाला हेच नाव दिले. म्हणजे नाव आधी आणि फुलपाखरू नंतर. कोशात मात्र ठळक अक्षरांत 'फुलपाखरू' असा अर्थ होता आणि मूळ भाषा म्हणून चक्क ग्रीक दाखवली होती. प्राचीन ग्रीक भाषेत फुलपाखराला 'प्सीखे' असा शब्द आहे, ज्याचा दुसरा अर्थ आत्मा. व्हेनेसाशी त्याचे काही नाते नाही.

'इमोजेन'ने मात्र कोशाची लाज राखली. शेक्सपिअरच्या 'सिम्बेलीन' नाटकातील ही नायिका 1623 च्या छापील संग्रहात इमोजेन म्हणून आली. परंतु 1611 मध्ये तो प्रयोग पाहिलेल्या सायमन फॉर्मन या माणसाने आपल्या टिपणात तिला 'इनोजेन' म्हटले आहे, आणि जुन्या ब्रिटिश दंतकथांतही रूप तेच आहे. जोडीच्या दोन 'न'कारांचा खिळे जुळवणाऱ्याने 'म' वाचला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मूळ शब्द कन्या या अर्थाच्या गेलिक शब्दाशी जोडला जातो. एका छपाईच्या चुकीने जन्माला आलेले नाव आज मुलींना आवडीने ठेवले जाते, याची हकिगत कोशाने व्यवस्थित, तारखांसह दिली आहे. 'सेड्रिक'पाशी पुन्हा घसरण झाली. वॉल्टर स्कॉटने 1819 साली 'आयव्हन्हो' या कादंबरीत हे नाव वापरले. इंग्लंडमधील वेसेक्स या जुन्या सॅक्सन राज्याचा संस्थापक म्हणून सांगितल्या जाणाऱ्या 'सेर्डिक'ची अक्षरे त्यात उलटसुलट झालेली दिसतात. गंमत अशी की सॅक्सन अभिमानाचे प्रतीक म्हणून योजलेले हे नाव मुळात ब्रिटॉनिक, म्हणजे सॅक्सनांनी ज्यांना मागे रेटले त्या लोकांच्या भाषेतले असण्याचा संभव मोठा आहे. कोशात यातले काहीच नाही. 'युद्धनायक' एवढा एक शब्द ठेवून तो मोकळा झाला आहे.

लेखकांनी घडवलेल्या नावांचा वेगळा विभाग कोशात आहे आणि हा त्यातील सर्वांत वाचनीय भाग म्हणावा लागेल. एकोणिसाव्या शतकात युरोपातील अनेक छोट्या भाषा स्वतःची ओळख नव्याने शोधत होत्या, तेव्हा काव्यातून नावे समाजात उतरली. पोलिश कवी आदाम मित्स्किएविचने 1823 मध्ये प्रसिद्ध केलेल्या काव्यासाठी 'ग्राझिना' हे नाव लिथुएनियन भाषेतील 'सुंदर' या अर्थाच्या शब्दावरून बनवले. आज ते पोलंड आणि लिथुएनिया या दोन्ही देशांत आपलेच मानले जाते. हंगेरीत मिहाय व्योरोश्मॉर्तीने परी या अर्थाच्या 'त्युंदेर' शब्दाचे शेपूट छाटून 'त्युंदे' केले आणि 1831 च्या आपल्या नाटकातील परीला ते दिले. फिनलंडमध्ये एलियास ल्योनरूतने लोकगीतांतील 'एकुलती एक' या अर्थाचे विशेषण उचलले आणि 'कालेवाला' या महाकाव्यात त्यातून 'आइनो' ही व्यक्तिरेखा उभी केली. रशियन 'स्वेतलाना'ची कथा तर आणखी बोलकी आहे. हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अलेक्सांद्र वोस्तोकोव या कवीने योजले आणि वासिली झुकोव्स्कीच्या 1813 सालच्या कथाकाव्याने ते घराघरात पोहोचले. परंतु चर्चच्या संतनामावलीत ते नसल्यामुळे बाप्तिस्म्याच्या वेळी ते देता येत नसे, आणि ते खरे रुळले ते क्रांतीनंतर. या चारही नोंदी अचूक आहेत, नाव कोणी, केव्हा आणि कोणत्या शब्दावरून घडवले हे स्पष्ट सांगतात. ज्या संपादकाने हा विभाग लिहिला त्याच्याकडे उरलेला कोशही सोपवायला हवा होता, असे वारंवार वाटत राहिले.

जर्मानिक नावांच्या विभागात त्या हाताची उणीव प्रकर्षाने जाणवते. जुनी जर्मानिक नावे दोन पदांची असतात आणि आपल्याला समास सोडवण्याची सवय असल्यामुळे त्यांचा विग्रह करण्याचा मोह अनावर होतो. परंतु या नावांतील पदे नेहमीच अर्थासाठी जोडली जात नसत. ती बरेचदा घराण्याची खूण म्हणून जोडली जात. वूस्टरचा अकराव्या शतकातील बिशप वुल्फस्टन याचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. त्याच्या आईचे नाव वुल्फगिफू आणि वडिलांचे एथेलस्टन. आईच्या नावाचे पूर्वपद आणि वडिलांच्या नावाचे उत्तरपद घेऊन मुलाचे नाव झाले, असे त्याच्या चरित्रातच नमूद आहे. लांडगा आणि दगड ही दोन पदे शेजारी आली ती आईवडिलांमुळे, 'लांडग्यासारखा बळकट दगड' असे काही कोणाच्या मनात होते म्हणून नव्हे. कोशाने मात्र जवळजवळ असाच अर्थ दिला आहे. 'हिल्डेगुंड' या नावात तर दोन्ही पदांचा अर्थ लढाई हाच होतो. तेथे विग्रह करायला बसले की फजिती ठरलेली, तरीही कोशाने 'युद्धात लढणारी' अशी सारवासारव केली आहे. या पद्धतीची थट्टा फार पूर्वीच होऊन गेली आहे. ग्रीक नाटककार अॅरिस्टोफेनिसच्या ख्रिस्तपूर्व 423 मधील 'मेघ' या प्रहसनात खानदानी आईला मुलाच्या नावात घोडा हवा असतो, चिकट बापाला काटकसर हवी असते, आणि तडजोड म्हणून मुलाचे नाव 'फिडिप्पिडिस' ठरते, ज्याचा विग्रह केला तर काटकसर आणि घोडा एका दावणीला बांधलेले सापडतात.

कोशातील नामघटकांचा शोध ही सोय मात्र वर्गणीचे पैसे वसूल करून देणारी आहे. एखादे पद टाकले की ते ज्या ज्या भाषांतील नावांत आहे ती सारी नावे एकत्र येतात, आणि संस्कृतची थोडीफार ओळख असलेल्या मराठी वाचकाला येथे जो आनंद मिळतो तो दुसऱ्या कोणाला क्वचितच मिळेल. पेरिक्लीस, सोफोक्लीस, थेमिस्टोक्लीस या ग्रीक नावांतील 'क्लेओस', मिरोस्लाव, यारोस्लाव, स्तानिस्लाव या स्लाव नावांतील 'स्लावा' आणि आपल्या भूरिश्रवा या नावातील 'श्रवस्' हे तिन्ही कीर्ती या अर्थाचे सगोत्र शब्द आहेत. कीर्ती म्हणजे जे कानी पडते ते, ही कल्पना तिन्हींच्या मुळाशी आहे. लिथुएनियन मुलींच्या नावांत तर पदोपदी ओळखीचे चेहरे भेटतात. 'उग्ने' हे नाव ज्या अग्निवाचक शब्दावरून आले तो आपल्या 'अग्नि'चा भाऊबंद आहे, 'औश्रा' म्हणजे पहाट आणि ती उषेची बहीण, 'सौले' म्हणजे सूर्य. बल्गेरियन 'ओग्न्यान' पुन्हा अग्नीच्याच गोत्रातला आणि 'झिव्को' जीवाच्या. वर उल्लेख केलेल्या स्वेतलानातील प्रकाशवाचक 'स्वेत' हा संस्कृत 'श्वेत'शी नाते सांगतो.

आणि नेमक्या याच ठिकाणी कोशाने एक गंभीर चूक केली आहे, जी आपल्याकडील वाचकाला सुखावणारी असल्यामुळे अधिकच सावधपणे पाहायला हवी. 'उग्ने' आणि 'औश्रा' या दोन्ही नोंदींत 'मूळ: संस्कृत' असे छापले होते. ही नावे संस्कृतातून आलेली नाहीत. लिथुएनियन आणि संस्कृत या दोन्ही भाषा एका प्राचीन, लिखित पुरावा नसलेल्या पूर्वजभाषेच्या शाखा आहेत. दोन चुलत भावांचे नाक सारखे दिसते म्हणून एक दुसऱ्याचा बाप ठरत नाही. तळाच्या टिपणात मात्र 'सगोत्र' असाच योग्य शब्द आहे, म्हणजे वरचा मथळा आणि खालचे टिपण वेगवेगळ्या लोकांनी लिहिले असून त्यांची एकमेकांशी गाठ पडलेली नाही हे उघड दिसते.

शब्दार्थाच्या पलीकडचा हेतू सांगण्यात कोश कधी चमकतो तर कधी साफ गप्प राहतो. सर्बियन 'वुक' म्हणजे लांडगा, इतके तो सांगतो. पण सर्बियन भाषेचा सुधारक वुक कराजिच (1787–1864) याच्या आधी जन्मलेली भावंडे जगली नव्हती आणि लांडग्याला चेटकिणी धजणार नाहीत या समजुतीने त्याचे हे नाव ठेवले गेले, ही हकिगत त्या नोंदीत नाही. त्याशिवाय लांडगा हे नाव शौर्याचे वाटते, भीतीपोटी ठेवलेले वाटत नाही. 'झिव्को'मागेही मूल जगावे हीच इच्छा आहे. 'नेनाद' म्हणजे अनपेक्षित. या नावांच्या मागे उभे असलेले घर कोशात दिसत नाही.

भाषांतरित नावांची हाताळणी त्यामानाने चांगली आहे. स्लाव 'बोग्दान' हे 'देवाने दिलेला' या अर्थाच्या ग्रीक नावांच्या धर्तीवरचे रूप असल्याचे, तसेच रशियन वेरा, नादेझ्दा आणि ल्युबोव, म्हणजे श्रद्धा, आशा आणि प्रेम, ही संत सोफियाच्या तीन कन्यांच्या ग्रीक नावांची शब्दशः रूपांतरे असल्याचे कोश नीट समजावतो. स्पेन-फ्रान्सच्या सीमाभागात बोलल्या जाणाऱ्या बास्क भाषेतील नावांचे प्रकरण तर स्वतंत्र वाचावे इतके भरीव आहे. बास्क राष्ट्रवादाचा प्रणेता साबिनो आराना याने स्पॅनिश संतनामांना बास्क पर्याय घडवण्याचा घाट घातला, आणि त्याच्या मृत्यूनंतर 1910 मध्ये ती नामावली प्रसिद्ध झाली. स्पॅनिश 'दोलोरेस'साठी दुःखवाचक शब्दावरून 'नेकाने', पेद्रोसाठी अरामाइक 'केफा'वरून 'केपा' अशी ती नावे आहेत. त्यावेळी पंडिती आणि कृत्रिम म्हणून हिणवली गेलेली यातील अनेक नावे आज अगदी स्वाभाविक वाटतात. दोलोरेसच्या स्वतःच्या नोंदीत मात्र 'वेदना' एवढाच अर्थ आहे. स्पॅनिशमधील दोलोरेस, सोलेदाद, पिलार, रोसारिओ ही सारी कुमारी मेरीच्या निरनिराळ्या बिरुदांवरून आलेली नावे आहेत हे सांगितले नाही, तर कोणी आईबाप मुलीचे नाव वेदना किंवा एकटेपणा का ठेवतील, हा प्रश्न वाचकाला पडणारच.

एका भाषेतून दुसरीत गेलेल्या नावांबद्दल थोडक्यात सांगायचे तर नोंदी विश्वसनीय आहेत. 'ओल्गा' आणि 'इगोर' ही अस्सल रशियन वाटणारी नावे स्कँडिनेव्हियातील 'हेल्गा' आणि 'इंग्वार' यांची रूपे आहेत. उलट दिशेने, तेराव्या शतकाच्या आरंभी बोहेमियाची राजकन्या डेन्मार्कची राणी झाली आणि तिच्या 'द्रागोमिरा' यासारख्या स्लाव नावाचे डॅनिश तोंडात 'डाग्मार' झाले असावे. त्यात 'दिवस' आणि 'कुमारी' असे अर्थ लोकांनी मागाहून पाहिले. 'व्लादिमिर'पाशी मात्र ठळक अक्षरांत पुन्हा 'जगाचा स्वामी' झळकतो. जुन्या रूपातील उत्तरपद थोर किंवा विख्यात या अर्थाचे होते आणि ते शांतता व जग या अर्थांच्या 'मिर'शी नंतर मिसळले, ही महत्त्वाची गोष्ट बारीक टंकात शोधावी लागते.

उच्चाराच्या ध्वनिफितींवर मुळीच विसंबू नये. त्या माणसाने म्हटलेल्या नसून यंत्राने इंग्रजीच्या सवयीने वाचलेल्या आहेत. आयरिश नावांची दशा त्यामुळे केविलवाणी झाली आहे. स्वातंत्र्य या अर्थाचे, विसाव्या शतकात रुळलेले 'सीर्शा' हे नाव लिहिताना त्यात ए, ओ आणि आय असे तीन स्वर ओळीने येतात आणि यंत्र ते तिन्ही स्वर प्रामाणिकपणे, एकेक करून उच्चारते. 'शिव्हॉन' आणि 'नीव्ह' यांच्या लेखनातील 'ब'कार आणि 'म'कार पुढच्या 'ह'मुळे 'व'कारासारखे होतात हे त्याच्या गावीही नाही. वेल्श 'आंग्हारद', म्हणजे अतिशय प्रिय असलेली, हे सुंदर नाव ऐकून तर ती ध्वनिफीत तिथल्या तिथे बंद करावीशी वाटली. देवनागरीत लिप्यंतर करणाऱ्याने अशा नावांसाठी त्या त्या भाषेच्या आकाशवाणीवरील निवेदकांचे उच्चार ऐकावेत, हे उत्तम.

लोकप्रियतेचे आलेख दिसायला देखणे आहेत, पण कायद्याच्या इतिहासाशिवाय ते वाचणे धोक्याचे आहे आणि कोश तो इतिहास देत नाही. फ्रान्समध्ये 1803 च्या कायद्याने पंचांगांतील संतांची आणि प्राचीन इतिहासातील नावे तेवढीच नोंदवण्याची मुभा होती. पुढे तो नियम सैल होत गेला, पण पालकांना खरे निवडस्वातंत्र्य 1993 मध्ये मिळाले. स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने 1938 च्या आदेशाने बास्क नावांची नोंद रोखली आणि 1977 च्या कायद्याने स्पेनमधील इतर भाषांतली नावे पुन्हा नोंदवता येऊ लागली. तेव्हा एखाद्या ब्रेटन (फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील) किंवा बास्क नावाची रेषा दशकानुदशके तळाला चिकटलेली दिसली, तर लोकांना ते नाव आवडत नव्हते असा अर्थ काढणे चूक ठरेल. घरात एक आणि सरकारी वहीत दुसरे, अशी स्थिती असू शकते. आइसलंडमध्ये 1991 पासून नामसमिती आहे, जी नाव आइसलँडिक विभक्तिप्रत्यय स्वीकारते का हेही तपासते. मंद झुळूक या अर्थाचे 'ब्लैर' हे नाव तो शब्द व्याकरणाने पुल्लिंगी म्हणून एका मुलीला नाकारले गेले होते. 2013 मध्ये न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. कोशात ब्लैरच्या नोंदीत 'मुलगे व मुली' असे निर्विकारपणे लिहिले आहे, जणू तो हक्क कोणी मागावाच लागला नव्हता.

राहता राहिला तो प्रत्येक नोंदीला चिकटवलेला 'नाव आणि स्वभाव' हा भाग. अक्षरांची बेरीज करून स्वभाव सांगणारा हा मजकूर ज्या पानावर 1623 च्या छपाईची साधार चिकित्सा आहे त्याच पानावर वाचावा लागतो. वर्गणीदारांना तो लपवण्याची सोय आहे. ती पहिल्याच दिवशी वापरावी.

वर्षभरात एकूण चार दुरुस्त्या लिहून पाठवल्या: व्हेनेसा, सेड्रिक, उग्ने आणि औश्रा. उत्तरे सौजन्यपूर्ण आली. शेवटच्या दोन नावांपुढील 'मूळ: संस्कृत' हे शब्द तीन आठवड्यांत काढले गेले, आणि त्या तत्परतेमुळेच पुढील वर्षाची वर्गणी भरली आहे. सेड्रिक अजून युद्धनायकच आहे. व्हेनेसाच्या नोंदीत आता स्विफ्टचे नाव आणि 1726 हे साल तळाशी आले आहे. वर मोठ्या अक्षरांत फुलपाखरू होते तसेच आहे, फक्त मूळ भाषेच्या रकान्यात ग्रीकच्या पुढे एक प्रश्नचिन्ह दिसू लागले आहे.